म्हाताऱ्यांचे दुखणे आणि शिकाऊ डॉक्टर

भिवंडीत मागाच्या खात्यात शेजारच्याशी बोलावयाचे तर ओरडावे लागते. त्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षे काढलेल्या कामगाराचे कान म्हातारपणी धड राहत नाहीत. अशाच एका वृद्ध कामगाराला घेऊन आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. तरुण डॉक्टराने चार प्रश्न विचारले. म्हाताऱ्याने चारही उत्तरे भलतीच दिली. कागदावर स्मृतिभ्रंशाची शंका लिहिली गेली. मग आम्ही त्याच्या कानाशी तोंड नेऊन तेच प्रश्न सावकाश विचारले, तेव्हा मालकाकडे राहिलेली बाकीसुद्धा त्याने बिनचूक सांगितली!

तो डॉक्टर दुष्ट नव्हता. त्याला हे कोणी शिकविले नव्हते, एवढेच.

एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षे रुग्णालयात काम करीत विशेष शिक्षण घेणारा, तो निवासी डॉक्टर. सरकारी इस्पितळात रात्री-अपरात्री आपल्याला भेटतो तो बहुधा हाच. त्याने म्हाताऱ्यांविषयी निराळे काय शिकावे?

पहिली गोष्ट, म्हातारपणी रोग वेष पालटून येतो. छातीत न दुखता हृदयविकाराचा झटका येतो. ताप न चढता न्यूमोनिया होतो. कालपर्यंत शहाणा असलेला माणूस एकाएकी बरळू लागतो आणि मूळ कारण लघवीचे तुंबणे निघते. ‘वय झाले’ हे रोगाचे निदान नव्हे.

दुसरी गोष्ट औषधांची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पाय सुजतात. सुजेवर लघवीची गोळी मिळते. त्यामुळे रात्री चारदा उठावे लागते, आणि अंधारात पडून खुब्याचे हाड मोडते. म्हणून नवी गोळी लिहिण्यापूर्वी जुन्या साऱ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून पाहावी.

तिसरी गोष्ट, माणूस चालतो कसा ते पाहणे. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसावयास १२ सेकंद वा अधिक लागले, तर पडण्याचा धोका समजावा. या परीक्षेला यंत्र लागत नाही, घड्याळ पुरते.

या शास्त्राचा पायाही गरिबांच्याच वॉर्डात घातला गेला. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे निराधारांच्या दवाखान्यातील सातशेहून अधिक रोगी आले. बरेचसे वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले होते. बाईंनी एकेकाला तपासले, उठविले, चालविले. कित्येक जण घरी गेले. अनेकांना रोगापेक्षा खाटेनेच पांगळे केले होते, हे त्यातून दिसून आले.

आपल्या देशात वार्धक्यवैद्यकाची एम.डी. पदवी प्रथम मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली सुरू झाली. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात आठ प्रादेशिक केंद्रे निवडली गेली. त्यांत मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय आहे. प्रत्येक केंद्रात ३० खाटांचा विभाग व या विषयाच्या पदव्युत्तर जागा, आणि जिल्हा रुग्णालयांत १० खाटा, अशी ती योजना.

योजना चांगली आहे. परंतु २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक १० कोटींहून अधिक भरले. मूठभर तज्ज्ञ कोणाकोणाला पुरणार? भिवंडीच्या म्हाताऱ्याने ठाणे वा कल्याण गाठून, लोकलच्या गर्दीतून भायखळ्यास उतरून जे. जे. गाठावे काय? यास्तव आमचे म्हणणे असे की, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, अस्थिरोग यांपैकी कोणत्याही शाखेच्या निवासी डॉक्टराने काही काळ वृद्धांच्या विभागात काढलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट, ती आमच्या धंद्यातली. म्हाताऱ्याला वेळ लागतो, आणि निवासी डॉक्टराजवळ नेमका वेळच नसतो. १९९२ च्या केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टरविषयक आदेशात सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे असे म्हटले होते. प्रत्यक्षात चोवीस तासांच्या पाळ्या कोणाला ठाऊक नाहीत? जागरणाने डोळे मिटू लागलेल्या पोराने बहिऱ्या म्हाताऱ्याच्या कानाशी वाकावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? तोही कामगारच आहे. त्याच्या पाळीचा प्रश्न आणि आपल्या वडिलांच्या औषधाचा प्रश्न एकाच खाटेपाशी येऊन मिळतात.

तोवर आपण एवढे करू शकतो: म्हाताऱ्याबरोबर एक जाणता माणूस पाठवावा, गोळ्यांची पिशवी बरोबर द्यावी, आणि पहिल्याच वाक्यात डॉक्टराला सांगावे, ‘साहेब, याला ऐकू कमी येते, समजते सगळे.’