जुन्या मोटारीच्या दांड्याचे सांधे : निवड व निगा

आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ बागायतदारांच्या अंगणांत जुनी मारुती ८०० मोटार अद्यापि उभी दिसते. ही मोटार १९८३ सालीं विक्रीस आली व २०१४ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. तेव्हां सुटे भाग घेतांना खरा माल व बनावट माल यांतील भेद मालकानेंच ओळखला पाहिजे.

या मोटारीचें इंजिन पुढील चाकांस फिरवितें. तींच चाकें वळतात व खड्ड्यांत खालींवरही होतात. म्हणून प्रत्येक दांड्यास आंतल्या व बाहेरच्या टोंकास एकेक सांधा असतो. बाहेरच्या सांध्यांत पोलादाच्या सहा गोळ्या खांचांतून सरकतात व चाक वळलेलें असतांही गति एकसारखी राखतात. सांध्यावर रबरी बूट असून आंत वंगण असतें. बूट फाटला कीं वंगण उडून जातें, पाणी व जांभ्याची तांबडी धूळ आंत शिरते आणि सांधा झिजतो. वळतांना ‘कटकट’ आवाज आल्यास बाहेरचा सांधा गेला असें बहुधा समजावें. वेग देतांना गाडी थरथरल्यास आंतला तपासावा.

प्रस्तुत लेखकानें एकदां स्वस्त पाहून बिननांवाचा सांधा घेतला. ऐन वैशाखांत आंबा घाटाच्या चढणीवर तो तुटला. इंजिन चालत होतें, पण चाक फिरेना. दुसरें वाहन मिळेपर्यंत निम्म्या पेट्यांतील आंबा उन्हानें बिघडला. वांचविलेल्या पैशाच्या कितीतरी पट हानि झाली.

याकरितां जुना भाग दुकानीं सोबत न्यावा. दोहोंचे दांते मोजावे. लांबी व बेअरिंग बसण्याच्या जागेची जाडी ताडून पाहावी. नवा सांधा हातानें सर्व बाजूंस फिरवावा. तो अडखळूं नये व खुळखुळूंही नये. वेष्टनावर उत्पादकाचें नांव व भागाचा क्रमांक पाहून पक्की पावती घ्यावी. बूट, त्याच्या पट्ट्या व चाकाचा मधला नट नवेच घालावे. वंगण मॉलिब्डेनमयुक्त, सांध्यासाठींच केलेलें असावें. नुसता बूट फाटला असून आवाज नसेल, तर सांधा उघडून धुवावा व नवें वंगण आणि बूट घालावा. थोडक्या खर्चांत काम भागतें.

मृगापूर्वीं आपण घर शाकारतों, त्याच दिवसांत गाडीखालीं वांकून चारही बूट पाहण्याची संवय ठेवावी, म्हणजे घाटांत अडकण्याचा प्रसंग सहसा येणार नाहीं.