प्रकाशामुळे भव्य भासणारे यान

भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा ११ एप्रिल १९८४ रोजी 'सोयुझ टी-१०' यानातून पृथ्वीवर परतले. त्या यानाची कुपी पुढे दिल्लीच्या नेहरू तारांगणात मांडण्यात आली. जेमतेम सव्वादोन मीटर व्यासाची, घंटेच्या आकाराची आणि उष्णतेने करपलेली ही कुपी पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. खरे अवकाशयान इतके लहान असते. उलट, विज्ञानपटात शहराएवढे भासणारे यान प्रत्यक्षात एका खोलीत मावणारी प्रतिकृती असू शकते. हा भास मुख्यतः प्रकाशातून निर्माण होतो.

मुंबईच्या रात्रीची देणगी

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटातील भारतातील प्रसंग १९७७ च्या फेब्रुवारीत खालापूरजवळच्या हाळ या गावी चित्रित झाला. आज हा भाग रायगड जिल्ह्यात येतो. आवाज कोठून आला, असे विचारताच शेकडो हात एकाच वेळी आकाशाकडे उंचावतात, तो हा प्रसंग होय.

या भारतभेटीत स्पीलबर्ग यांनी रात्रीच्या वेळी एक तेलशुद्धीकरण कारखाना पाहिला. नळ, मनोरे आणि त्यांवर लुकलुकणारे असंख्य दिवे असे ते दृश्य होते. चित्रपटाच्या अखेरीस उतरणाऱ्या महायानाची कल्पना त्यातून आकाराला आली. राल्फ मॅक्वारी यांनी त्याचे आरेखन केले, तर ग्रेग जीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हातांनी घडविले. खेळण्यातील आगगाड्यांचे सुटे भाग त्यासाठी वापरण्यात आले. कारागिरांनी गंमत म्हणून त्यात एक टपालपेटी आणि चिमुकले स्मशानही दडविले. ही प्रतिकृती आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

भव्यतेचे गणित

एखादी वस्तू किती मोठी आहे, हे आपला डोळा तिच्यावरील सर्वांत बारीक तपशिलावरून ठरवितो. खिडकी माणसाच्या उंचीची असणार, हे आपण गृहीत धरतो. म्हणून दोन मीटर लांबीच्या प्रतिकृतीवर दोन सेंटिमीटरची खिडकी ठेवल्यास ते यान एखाद्या इमारतीएवढे वाटते. तीच खिडकी एका मिलिमीटरची केल्यास यान काही किलोमीटर लांबीचे भासू लागते. छिद्र जितके बारीक, तितके यान मोठे.

मात्र एवढ्या बारीक छिद्रामागे स्वतंत्र दिवा बसविणे शक्य नसते. त्यासाठी प्रकाशतंतूंचा उपयोग होतो. आत एकच दिवा ठेवून त्यापासून निघणारे शेकडो तंतू वेगवेगळ्या छिद्रांपर्यंत नेले जातात. सांध्यांतून प्रकाश झिरपल्यास सारा भास नाहीसा होतो. त्यामुळे कवच आतून प्रथम काळ्या आणि त्यावर पांढऱ्या रंगाने रंगवितात. काळा रंग प्रकाश अडवितो, तर पांढरा तो आत परावर्तित करतो. पूर्वीच्या तापणाऱ्या दिव्यांमुळे प्लॅस्टिक वितळण्याचा धोका असे आणि वायुवीजनाची सोय करावी लागे. एलईडीमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

घरी प्रयत्न करताना

दिल्ली परिसरातील हौशी कारागिराला यासाठी परदेशी संच मागविण्याची गरज नाही. चांदणी चौकातील भगीरथ पॅलेस ही विजेच्या सामानाची जुनी बाजारपेठ आहे. सांगाड्यासाठी पीव्हीसी नळ्या व ॲक्रिलिक, तर पृष्ठभागासाठी बाटल्यांची झाकणे आणि मोडक्या खेळण्यांचे भाग पुरेसे ठरतात.

पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर तीन एलईडी एकामागोमाग जोडून सोबत १५० ओहमचा रोधक लावल्यास त्यांतून सुमारे २० मिलिॲम्पिअर एवढा सुरक्षित प्रवाह वाहतो. अशा अनेक साखळ्या समांतर जोडता येतात. कवच बंद करण्यापूर्वी दिवे काही तास सतत लावून पाहावेत आणि दुरुस्तीसाठी एक झडप अवश्य ठेवावी. आतील एक सैल जोडही महिन्यांचे श्रम वाया घालवू शकतो.

आणखी एक पथ्य पाळावे. प्रत्येक खिडकी उजळू नये. रात्री कारखाना किंवा वस्ती दुरून पाहिली, तर काही दिवे लागलेले आणि काही विझलेले दिसतात. या विस्कळीतपणामुळेच तेथे माणसांचा वावर जाणवतो. प्रतिकृतीतही काही खिडक्या अंधारात ठेवल्या, की यानात कोणीतरी राहत असल्याचा विश्वास पाहणाऱ्याला वाटू लागतो.