'ओके'ची कुळकथा

मघाशी ध्वनिक्षेपकावर टिचकी मारून तपासनीस 'ओके' म्हणाला, तेव्हा आपल्यापैकी कोणालाच तो शब्द परका वाटला नाही. इतका तो आपल्या घरचा झाला आहे. मात्र या शब्दाचा जन्म एका थट्टेत झाला, आणि हे पुष्कळांच्या पचनी पडत नाही.

एवढ्या जगन्मान्य शब्दाचे कूळही थोर असले पाहिजे, असे माणसाला वाटते. म्हणून कोणी त्याचे मूळ 'सर्व ठीक' या अर्थाच्या ग्रीक शब्दांत शोधले. अमेरिकेतील चोक्टॉ या मूळ रहिवाशांच्या भाषेतून तो आला, असे इतरांनी मानले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचाही यावर विश्वास होता, म्हणून ते शेऱ्यात या शब्दाचे स्पेलिंग मुद्दाम वेगळे करीत.

अ‍ॅलन वॉकर रीड या भाषापंडिताने जुन्या वृत्तपत्रांचे ढीग उपसले आणि १९६३-६४ साली आपले लेख प्रसिद्ध करून या वादाचा निकाल लावला. त्याला सापडलेला जुना दाखला २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मधला आहे. त्या काळी तिकडच्या पत्रकारांना एक खोड जडली होती. सरळ शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि वर त्यांची आद्याक्षरे करायची! आपल्याकडे कोणी 'सर्व ठीक'चे 'शर्व टीक' करून 'श. टी.' लिहावे, तसेच. 'ऑल करेक्ट'ची आद्याक्षरे वास्तविक ए आणि सी; पण दोन्ही शब्द चुकीचे लिहिल्यामुळे ती ओ आणि के झाली. 'ऑल राइट'चेही असेच 'ओ. डब्ल्यू.' केले होते. ते आज कोणाला ठाऊक आहे?

मग हा एकटाच का वाचला? त्याला निवडणूक पावली. १८४० साली मार्टिन व्हॅन ब्यूरन दुसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभे होते. त्यांचे गाव किंडरहूक, म्हणून 'ओल्ड किंडरहूक' हे त्यांचे टोपणनाव झाले, आणि समर्थकांनी 'ओ. के. क्लब' काढले. विरोधकांनी उलट उठवले की, पूर्वीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नव्हते, म्हणून ते कागदांवर 'ओ. के.' असा शेरा मारीत. ही निव्वळ कंडी होती. पण लोकांनी ती पिढ्यानपिढ्या खरी मानली. व्हॅन ब्यूरन हरले, शब्द तरला. पुढे तारमास्तरांनी संदेशाची पोच देण्यासाठी तो उचलला. दोन अक्षरांत काम भागत असेल, तर कोण सोडील?

आपल्याकडच्या मालमोटारींच्या पाठीवर रंगवलेले 'हॉर्न ओके प्लीज' आपण सर्वांनीच वाचले आहे. भोंगे वाजविण्यास उत्तेजन मिळते म्हणून २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते लिहिण्यास मनाई केली. त्यातल्या 'ओके'चा संबंध कोणी युद्धकाळातील रॉकेलशी जोडतात, तर कोणी एका साबणाच्या जाहिरातीशी. सांगणारे मोठ्या खात्रीने सांगतात. पुरावा मागितला, की विषय बदलतात.