पत्रिकेवर क्यूआर कोड छापताना

मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी तयार केलेला हा चौकोन आता लग्नपत्रिकेवरून कार्यालयाचा नकाशा आणि मुहूर्ताचं थेट प्रक्षेपण उघडून देतो. परदेशातल्या मावशीला अक्षता टाकता येत नाहीत, पण अंतरपाट दूर होताना पाहता येतो. सगळ्या तांत्रिक हौसेत हीच खरी मोलाची. कोड फिक्या कागदावर गडद रंगात छापा. चकाकणाऱ्या सोनेरी शाईत कॅमेरा गोंधळतो. त्रुटी-दुरुस्तीची सर्वोच्च पातळी निवडली, तर सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही कोड वाचता येतो, म्हणजे हळदीकुंकवाच्या बोटाची भीती नको. छपाईआधी आजोबांच्या जुन्या फोनवर एकदा स्कॅन करून बघाच.