ट्रायथलॉनमध्ये पाणी किती प्यावे? उत्तर वजनकाट्यावर

लातूर जिल्ह्यात कर्नाटकच्या सीमेला लागून असलेला देवणी तालुका राज्याबाहेर ओळखला जातो तो देवणी गोवंशामुळे. पाणीटंचाईही या जिल्ह्याला नवी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. या कोरड्या हवेत सराव करून समुद्रकाठच्या दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये प्रथमच उतरणाऱ्याला पोहणे, सायकल आणि धावणे यांच्या जोडीला पाण्याचाही अभ्यास करावा लागतो.

भारतातील पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप. नवख्या स्पर्धकाला त्यासाठी सात-आठ तास लागू शकतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत घाम अंगावरच वाळतो. त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. शरीर थंड होते ते घामाच्या बाष्पीभवनाने, निथळण्याने नव्हे. परिणामी घाम अधिक येतो आणि शरीर तापलेलेच राहते. म्हणूनच घरच्या सरावातील हिशेब गोव्यात जसाच्या तसा लागू पडत नाही.

हा हिशेब करण्यासाठी साधा वजनकाटा पुरतो. सरावापूर्वी आणि सरावानंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. घटलेल्या वजनात मध्यंतरी प्यायलेले पाणी मिळवावे, लघवी झाली असल्यास ती वजा करावी. समजा, ६८ किलोचा खेळाडू दीड तास सायकल चालवून ६६.८ किलोवर आला आणि त्याने ७५० मिलिलिटर पाणी प्यायले. म्हणजे घाम १.९५ लिटर, अर्थात तासाला १.३ लिटर. घामाचे प्रमाण व्यक्तीगणिक तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक असते. त्यामुळे मित्राचे वेळापत्रक उसने घेण्यात अर्थ नाही. शक्य असल्यास आठ-दहा दिवस आधी किनाऱ्यावर जाऊन हे मापन पुन्हा करावे.

गेलेला सगळा घाम भरून काढण्याचा हट्ट मात्र धरू नये. वजनात दोन टक्क्यांच्या आसपास घट बहुतेकांना सोसते. खरा धोका आहे तो ‘जमेल तितके पाणी प्या’ या सर्रास दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्तातील सोडियम घटून एका धावपटू तरुणीचा मृत्यू झाला. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील १३ टक्के जणांचे सोडियम घटलेले आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण ठळक होते. सावकाश धावणाऱ्याला प्यायला वेळ अधिक मिळतो, म्हणून हा धोका नवख्यालाच अधिक.

सोडियमसाठी महागड्या गोळ्यांचीच गरज आहे असे नाही. मिठाच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम असते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत एक ग्रॅम मीठ घातले की सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्या मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले, ती जलसंजीवनी आज प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र अल्प. घामाची भरपाई त्याने होत नाही. मात्र खारट पाणीही प्रमाणाबाहेर प्यायल्यास सोडियम घटतेच.

पिण्याची खरी संधी सायकलवर. पोहताना पिता येत नाही, उलट खारे पाणी पोटात जाते. धावताना भरलेले पोट डचमळते. सायकलवर दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत, धावताना तहानेचा कौल मानावा. पोटाला तासाला लिटरभर पाणीही जड जाते, म्हणून हीच बाटली, हेच पेय सरावात अनेकदा वापरून पाहावे. वेदनाशामक गोळ्या शर्यतीत टाळाव्यात. त्यांचा ताण मूत्रपिंडांवर येतो.

शर्यतीत किंवा नंतर डोकेदुखी, उलट्या, बोलण्यात गोंधळ आणि हाताची बोटे सुजणे अशी लक्षणे दिसल्यास तो ‘पाणी कमी पडल्याचा’ प्रकार समजून साथीदारांनी तांब्याभर पाणी पाजू नये. अशा स्पर्धकाला थेट वैद्यकीय तंबूत न्यावे आणि त्याने किती पाणी प्यायले, हे डॉक्टरांना सांगावे.