आरतीत चक्कर का येते?

गणेशोत्सवात दरवर्षी एकदा तरी हे घडतं. मंडप खच्चून भरलेला, उकाडा, आरत्या लांबलेल्या आणि उपाशीपोटी उभी असलेली एखादी काकू किंवा कॉलेजातला धडधाकट मुलगासुद्धा घामाघूम होऊन कोसळतो. लगेच चौघे जण त्याला धरून उभं करतात, कोणी खुर्ची ओढतं. नेमकं हेच करायचं नसतं.

हृदयाला धडधडायला मेंदूची आज्ञा लागत नाही. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात ‘सायनस नोड’ नावाचा पेशींचा छोटासा पुंजका आपणहून ठेका देत असतो. त्याला मोकळं सोडलं, तर मिनिटाला साधारण १०० ठोके पडतील. मग बसल्या जागी आपली नाडी ७०-७५ कशी? मेंदूच्या तळापासून छातीत उतरणारा व्हेगस हा मज्जातंतू सतत लगाम ओढून धरतो म्हणून. हृदय प्रत्यारोपणात हा मज्जातंतू तुटतो. त्या रुग्णांची नाडी आरामातही ९०-१०० च्या घरात असते.

हा लगाम रसायनाचा आहे, हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये दाखवलं. बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला, त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! प्रयोगाची युक्ती स्वप्नात सुचली, असं ते सांगत. १९३६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

जिना चढताना आधी हा लगाम सैल होतो, मग दुसऱ्या मज्जातंतूंचा आणि ॲड्रेनलिनचा रेटा येतो. नुसतं उभं राहिलो, तरी अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीतले संवेदक दाब घटल्याची वर्दी देतात आणि काही सेकंदांत नाडी वाढते. आपल्याला पत्ताही लागत नाही.

उकाड्यात फार वेळ ताटकळल्यावर मात्र कधी कधी हे तंत्र उलटतं. व्हेगस एकदम लगाम खेचतो, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पडतं. माणूस पडतो आणि आडवा झाल्यामुळेच शुद्धीवर येतो. म्हणून त्याला आडवंच ठेवा, पाय उंच करा, भोवतीची गर्दी हटवा. पूर्ण सावध होईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. श्वास नीट चालू नसेल, तर ही साधी भोवळ नव्हे. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

ज्येष्ठांमध्ये ही यंत्रणा जरा सुस्तावते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी वाढू देत नाहीत. त्यामुळे पहाटे उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावं, पाय हलवावेत, मग उभं राहावं. गोळी मात्र मनानं बंद करू नये. श्रम करताना, छातीत दुखून किंवा बसल्या-बसल्या अचानक शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ‘उपवासामुळे झालं असेल’ म्हणून घरी थांबायचं नाही.