डांबराची दहा वर्षे, वीस तासांत

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात 1944 सालापासून एका नरसाळ्यात पिच नावाचा डांबरासारखाच काळा, कडक पदार्थ ठेवलेला आहे. तो इतका सावकाश वाहतो की त्याचा थेंब पडताना कॅमेऱ्यात सापडायला 11 जुलै 2013 उजाडला. रस्त्याचा अभियंता मात्र एवढा वेळ थांबू शकत नाही. आज टाकलेलं डांबर दहा वर्षांनी कसं वागेल, हे त्याला याच आठवड्यात हवं असतं.

(आपण सगळे 'डांबर' म्हणतो खरं, पण डांबरगोळ्या ज्यातून आल्या ते कोळशाचं डांबर वेगळं. रस्त्यावरचं बिटुमेन खनिज तेलाच्या तळाशी उरलेल्या गाळातून मिळतं.)

डांबर म्हातारं होतं ते मुख्यतः ऑक्सिजनमुळे. ऑक्सिजन त्यातल्या कार्बनला आणि गंधकाला चिकटतो, रेणूंचं एकमेकांकडे ओढलं जाणं वाढतं आणि डांबर ताठर होतं. चिक्कीचा पाक जरा जास्त वेळ गॅसवर राहिला की काय होतं ते आठवा. रसायन वेगळं, पण तुकडा तसाच कडकन मोडतो. रस्त्याला भेगा पडतात त्या अशाच.

गंमत म्हणजे या म्हातारपणाचा मोठा हिस्सा रस्ता तयार होण्याआधीच उरकतो. मिश्रण करताना दीडशे अंशांच्या वरच्या तापलेल्या खडीवर डांबराचा पातळ थर बसतो, तेव्हाच. याची नक्कल करण्यासाठी आठ काचेच्या बाटल्यांत प्रत्येकी 35 ग्रॅम डांबर घेऊन त्या 163 अंशांच्या भट्टीत 75 मिनिटं फिरवतात आणि आत गरम हवेचा झोत सोडतात. मग 25 अंशांना 100 ग्रॅम भाराची सुई त्यात पाच सेकंद रुतू देतात. आयर्लंडसारख्या थंड हवेत चालणारं '70/100' डांबर म्हणजे ही सुई 7 ते 10 मिलिमीटर रुतते असं. भट्टीनंतर ती मूळच्या निदान 46 टक्के तरी रुतली पाहिजे, असं युरोपीय मानक सांगतं.

पुढच्या वर्षांसाठी तेच डांबर पसरट थाळ्यांत ओतून दाबपात्रात ठेवतात: 2.1 मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सुमारे वीसपट दाबाची हवा, 90 ते 110 अंश तापमान, वीस तास. याला ढोबळमानाने रस्त्यावरची पाच-दहा वर्षं समजतात.

पण कुठल्या रस्त्यावरची? माझं खरं भांडण इथे आहे. आयर्लंडचा उच्चांक 33.3 अंश, किल्केनीत, तोही 1887 सालचा. चंद्रपुरात उन्हाळ्यात हवाच 45 अंशांच्या पुढे जाते, रस्ता त्याहून कितीतरी तापतो. वीस तास दोघांनाही सारखेच कसे पुरतील? मूळ अमेरिकी पद्धतीत थंड, मध्यम आणि वाळवंटी हवामानासाठी 90, 100 आणि 110 अंश असा भेद आहे. पण तापमान वाढवलं की अभिक्रियांचा फक्त वेग बदलत नाही, त्यांचं आपसातलं प्रमाणही बदलतं. म्हणून प्रयोगशाळेतलं म्हातारपण रस्त्यावरच्यासारखं हुबेहूब नसतं. शिवाय त्या पात्रात ऊनही नसतं आणि पाऊसही नसतो.

आयर्लंडच्या पश्चिमेला वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस ओले. पाणी खडी आणि डांबराच्या मधे शिरून त्यांची पकड सोडवतं, आणि ग्रॅनाइटसारख्या आम्लधर्मी दगडावर हे चुनखडीपेक्षा सहज घडतं. यासाठी नॉटिंगहॅममध्ये एक वेगळी चाचणी विकसित झाली. तिच्यात पाणी मुरवलेले खडी-डांबराचे नमुने 85 अंशांना, त्याच दाबाखाली 65 तास ठेवतात. इथल्या हवेला मला ही जास्त प्रामाणिक वाटते.

आता हा प्रश्न जास्त महत्त्वाचा झाला आहे, कारण जुना रस्ता खरवडून तोच माल नव्या मिश्रणात घालतात. जुनं डांबर किती ताठरलंय याचा अंदाज चुकला, तर नवा रस्ता जन्मतःच म्हातारा. म्हणून शेवटी खऱ्या रस्त्यातून गोल गाभा कापून काढतात, त्याच्या चकत्या करतात आणि डांबर विरघळवून वेगळं काढतात. वरची चकती सहसा सगळ्यात ताठर, खाली तरुणपण टिकलेलं. थाळीतल्या वीस तासांशी तुलना करायची ती या चकत्यांशी. फक्त त्यासाठी दहा वर्षं जुना रस्ता लागतो, आणि तो दहा वर्षांनीच मिळतो.